शुक्रवारचा दिवा

संसार मोडला की माणसे दोन प्रश्न विचारतात. पहिला, "झालं तरी काय?" आणि दुसरा, "मुलांचं काय?" माझा चोवीस वर्षांचा संसार २०१८ साली कायद्याने संपला तेव्हा हे दोन्ही प्रश्न मला विचारले गेलेच, पण त्यांच्या जोडीला एक तिसराही प्रश्न आला, जो बहुतेक बायकांच्या वाट्याला येत नाही. कुणी तो जिन्यात विचारला, कुणी फोनवर, कुणी हळदीकुंकवाला आवाज खाली करून. "तुम्ही म्हणे परत तुमच्या धर्मात गेलात?"

प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण त्या 'परत' या शब्दात एक सबंध गोष्ट दडलेली असे. मुलगी चुकून भलत्या घरी गेली, तिथे रमली नाही, आणि शेवटी निमूटपणे आपल्या वाटेला लागली, अशी ती गोष्ट. माझी गोष्ट तशी नाही. ती कशी आहे, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

मी बेने इस्राएल. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे या बाजूच्या वाचकांना हे नाव परके वाटायचे नाही. जुन्या माणसांना 'शनवार तेली' म्हटले म्हणजे लगेच उमजते. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शनवार तेली. परंपरा अशी सांगतात की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि त्यांची आम्ही संतती. बुडालेल्यांची थडगी नवगावला आजही दाखवतात.

गलबताबरोबर पोथ्याही समुद्रात गेल्या. हिब्रू भाषा गेली, सणांची मूळ नावेसुद्धा गेली. पण सण गेले नाहीत. त्यांना कोकणातली मराठी नावे मिळाली. वर्षारंभ तो 'नव्याचा सण'. योम किप्पूर, म्हणजे दिवसभर कडकडीत उपास करून घरात कोंडून घेण्याचा दिवस, तो 'दार फाळणीचा सण'. जेरुसलेमचे मंदिर पाडले गेले त्या दुःखाच्या दिवसाचे नाव 'बिरड्याचा रोजा'. आणि प्रार्थनेतले एकच वाक्य सर्वांच्या तोंडी उरले, ते 'शेमा'. बारसे असो, लग्न असो, मौत असो, आमचे लोक शेमा म्हणत. कारण दुसरे काही येतच नव्हते.

पुढे दाविद रहाबी नावाचे एक जाणते गृहस्थ कोकणात आले. हे लोक खरोखर यहुदी आहेत की काय, ते पाहावे म्हणून त्यांनी म्हणे घरातल्या बायकांपुढे नाना तऱ्हेची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितली. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी घेतली आणि उरलेली बाजूला सारली. रहाबींची खात्री पटली. ही कथा मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली तेव्हा मासळीचीच गोष्ट वाटली होती. आता वाटते की, आमचा धर्म कुठे टिकला होता तेच ती कथा सांगते. तो पोथीत नव्हता, देवळात नव्हता. मुंबईत आमचे पहिले प्रार्थनामंदिर, शार हारहमीम, उभे राहिले ते १७९६ साली. त्याआधी कित्येक शतके तो स्वयंपाकघरात बसून होता.

माझी आजी रेवदंड्याची. नऊवारी लुगडे नेसायची, कोकणी हेल काढून बोलायची. दर शुक्रवारी दुपारपासून तिची लगबग सुरू होई. सूर्य समुद्राकडे कलला की काचेच्या पेल्यात निम्मे पाणी, त्यावर खोबरेल, त्यात वात. दिवा लावून झाला की ती डोळ्यांवर हात ठेवून पुटपुटे. मग भिजवलेल्या मनुकांचे सरबत सगळ्यांना घोट घोट मिळे, कारण द्राक्षाची दारू आमच्याकडे कुठून येणार? त्या क्षणापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल पेटायची नाही. मी एकदा विचारले, "आजी, तू काय म्हणतेस?" तर म्हणाली, "मला तरी कुठं सगळं कळतं? पण म्हणायचं राहिलं की चुकल्यासारखं वाटतं."

१९४८ साली इस्राएल देश झाला आणि आमची माणसे हळूहळू तिकडे निघाली. आधी थोरले काका गेले, मग आत्या, मग शेजारपाजार. माझे वडील रेल्वेतल्या नोकरीमुळे मागे राहिले. ठाण्याला आम्ही वाढलो. मी बँकेत लागले, आणि तिथेच शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका गृहस्थांशी १९९४ साली माझे लग्न झाले.

लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाले. या कायद्याची सोय अशी की, नवऱ्याला किंवा बायकोला धर्म बदलावा लागत नाही. माझे वडील नोंदणी कचेरीत आले नाहीत. आई आली, आणि येताना डबाभर सांदणे घेऊन आली. सह्या झाल्यावर तिने डबा माझ्या सासूबाईंच्या हातात दिला आणि म्हणाली, "नारळाच्या दुधातली आहेत, आमच्यात असंच करतात." सासूबाईंनी एक तिथेच खाल्ले.

सासर डोंबिवलीचे, तीन खोल्यांचे, शाकाहारी ब्राह्मणी घर. आमच्या धर्मात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. त्यासाठी काटेकोर यहुदी घरांत भांड्यांचे दोन संच ठेवतात. मला त्या घरात एकाही भांड्याची चिंता करावी लागली नाही. मांसच नाही, तर दुधाशी भांडण कसले? मी गमतीने म्हणत असे की, धर्माचे नियम मी माहेरापेक्षा सासरी जास्त पाळले.

सासूबाईंना मी आई म्हणे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले, "तुझा देव तू बघ, माझा मी बघते. स्वयंपाक मात्र दोघींनी मिळून करायचा." त्या रोज दिवेलागणीला देवापाशी समई लावीत. मी पाया पडत नसे, आणि त्याही ते मनावर घेत नसत. वाती मात्र मी वळून देई. एकदा कुणी पाहुण्या बाई म्हणाल्या, "सुनेला आमच्या वाती वळलेल्या चालतात वाटतं?" त्यावर आई म्हणाल्या, "वाती वळायला काय लागतं? हात असले म्हणजे झालं." 'दार फाळणीचा सण' हे नाव त्यांना फार आवडे. त्या दिवशी मी उपास धरून खोलीत बसले की त्या स्वतः दार ओढून घेत, आणि दूधवाल्याला जिन्यातच गाठून सांगत, "हळू बोल रे, आज आमच्या सुनेचं दार फाळलंय."

आई २०१२ साली गेल्या. मुलगी तेव्हा शाळेत होती. आईंच्या जाण्यानंतर काही महिन्यांनी माझ्या लक्षात आले की आमच्या घरात बोलणे थांबले आहे. भांडण नव्हते. भांडण असते तर बरे, असेही म्हणता येईल. अठरा वर्षे आम्ही दोघे एकमेकांशी बोलत होतो ते आईंच्या मार्फत. "आई, आज मला उशीर होईल" हे त्यांनी म्हणावे आणि मी स्वयंपाकघरातून ऐकावे. "आई, पुढच्या महिन्यात मुलीची फी भरायची आहे" हे मी म्हणावे आणि त्यांनी पेपराआडून ऐकावे. मधले माणूस उठून गेले आणि दोन माणसे समोरासमोर राहिली. आम्ही प्रयत्न केला नाही असे नाही. दोन वेळा फिरायला गेलो. एकदा तर आठ दिवस. तिथेही आम्ही मुलीशी फोनवर तेवढे बोललो.

पुढे त्यांची दुसऱ्या गावी बदली झाली. शनिवार-रविवार ते येत, मग पंधरवड्याने येऊ लागले. येणार नाही असा फोन आला की त्यांच्या आवाजात थोडे हायसे वाटल्यासारखे असे. माझ्या आवाजातही ते असणार.

२०१४ साली मुलगी शिकायला पुण्याला गेली. त्यानंतरच्या एका शुक्रवारी मी बँकेतून लवकर घरी आले. ऊन अजून गॅलरीत होते. मी काचेचा पेला घेतला, पाणी घातले, खोबरेल घातले, आईंसाठी वळलेल्या वातींतली एक घेतली आणि दिवा लावला. का लावला याचे कारण मला देता येणार नाही. आधी ठरवले नव्हते. डोळ्यांवर हात गेला, आणि वीस वर्षे ज्याचा उच्चार केला नव्हता तो शेमा तोंडात आला. आजीसारखेच मलाही सगळे कळत होते असे नाही. पण म्हणायचे राहिले होते, ते म्हटले गेले.

मग मी वाचू लागले, विचारू लागले, आणि शनिवारी सकाळी प्रार्थनामंदिरात जाऊ लागले. आता तिथे माणसे थोडी असतात. पुरुष दहा जमले तरच सामुदायिक प्रार्थना पुरी होते, आणि दहावा माणूस जिन्यात दिसला की सर्वांना आनंद होतो. आमच्यात 'हातबोशी' नावाची जुनी रीत आहे. प्रार्थनेनंतर एकाने दुसऱ्याचा हात आपल्या हातात घ्यायचा आणि मग आपली बोटे ओठांना लावायची. पहिल्या दिवशी एका म्हातारीने माझा हात घेतला. कुणाची, कुठली, इतकी वर्षे कुठे होतीस, यातले तिने काही विचारले नाही. मला वाटते, तिने विचारले असते तर मी दुसऱ्या शनिवारी गेले नसते.

माझ्या धर्माबद्दल मला सर्वांत आधी उमगले ते हे की, तो काय मानतेस असे फारसे विचारत नाही. काय करतेस, हे विचारतो. शब्बाथाला एकोणचाळीस प्रकारची कामे वर्ज्य आहेत. पेरणे, दळणे, शिवणे, लिहिणे, आणि अग्नी पेटवणे. म्हणून शुक्रवारचा दिवा सूर्यास्तापूर्वीच, साधारण अठरा मिनिटे आधी, लावायचा. एकदा सूर्य बुडाला की काडी ओढायची नाही.

आणि इथेच पहिली अडचण उभी राहिली. आईंच्या मागे देवापाशी समई मी लावत होते; देवासाठी नव्हे, आईंसाठी. ती लावायची दिवेलागणीला. म्हणजे शुक्रवारी, नेमकी काडी ओढायची नाही त्या वेळी. एका शुक्रवारी मुलीचे बाबा रात्री गावाहून आले. (मराठी बायको नवऱ्याला 'हे' म्हणते. काडीमोड झाल्यावर 'हे'चे काय करायचे, ते व्याकरणात सांगितलेले नाही. मी 'मुलीचे बाबा' म्हणते. ते नाते कुठल्याही कोर्टाने मोडत नाही.) ते आत आले, देवघराकडे पाहिले, खिडकीतल्या माझ्या पेल्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "आज देवापाशी दिवा नाही?"

मी म्हटले, "तेल-वात घालून ठेवली आहे. मला आता काडी ओढता येत नाही. तुम्ही लावाल का?"

ते काही वेळ उभे राहिले. मग त्यांनी काडी ओढली आणि समई लावली. पन्नाशीच्या माणसाने आपल्या आईची समई आयुष्यात पहिल्यांदा लावली असावी, कारण वात पुढे सारायला बोट तेलात बुडवावे लागते हे त्यांना माहीत नव्हते. त्यानंतर ते घरी असतील त्या शुक्रवारी समई तेच लावीत. मागाहून पुष्कळदा वाटले आहे की, आम्हा दोघांत आईंच्या मागे झालेले सर्वांत खरे बोलणे ते होते.

पुढच्या वर्षी त्यांनी मला एक प्रश्न विचारला. आवाज चढवून नव्हे; चहाचा कप खाली ठेवता ठेवता. "तू तिकडे वळलीस म्हणून आपलं असं झालं, की आपलं असं झालं म्हणून तू तिकडे वळलीस?"

हा प्रश्न मी टाळला नाही. बरेच दिवस मनात घोळवला आणि उत्तर दिले, "दोन्हीही नाही. आई गेल्यावर दोन गोष्टी एकदम सुरू झाल्या. घरातला आवाज गेला, आणि त्या शांततेत मला जुनं काहीतरी ऐकू यायला लागलं." त्यांनी मान हलवली. ते न्यायी गृहस्थ आहेत. हा लेख छापायला देण्याआधी मी त्यांना वाचायला पाठवला आहे.

२०१६ साली आम्ही वेगळे राहू लागलो. मी ठाण्याला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. विशेष विवाह कायद्याच्या २८ व्या कलमाप्रमाणे परस्परसंमतीने घटस्फोट मागता येतो. त्यासाठी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते, आणि अर्ज केल्यावर विचार करायला आणखी सहा महिने देतात. २०१७ साली आम्ही अर्ज केला. त्यात मी अर्जदार क्रमांक दोन होते. कोर्टाने आम्हाला कुणाचा दोष असे विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही.

पण मला वाटत होते की, या शेवटाला नुसता सरकारी शिक्का पुरे नाही. मी शब्बाथ पाळू लागले होते, उपास धरत होते. तेव्हा धर्माच्या रीतीनेही ही गाठ सुटली पाहिजे. यहुदी धर्मात घटस्फोटाला दस्तऐवज लागतो. त्याला 'गेट' म्हणतात. तालमुदात त्यावर 'गिट्टीन' नावाचा एक सबंध भाग आहे. गेट छापील चालत नाही. लेखक ते हाताने, त्या एका पुरुषासाठी आणि त्या एका स्त्रीसाठी, अरामी भाषेत बारा ओळींत लिहितो. त्यात तारीख असते, दोघांची नावे असतात, आणि गावाचे नाव असते. नुसते नाव नव्हे, तर ते गाव कुठल्या नदीवर, कुठल्या पाण्यावर वसले आहे तेही. कारण मात्र नसते. कोण कसे वागले याचा त्या बारा ओळींत एक शब्द नसतो. दोन साक्षीदारांसमोर नवरा ते कागद बायकोच्या ओंजळीत ठेवतो, ती ओंजळ मिटून चार पावले चालते, आणि सुटका होते.

हे सारे वाचून माझे मन भरून आले होते. गाव कुठल्या पाण्यावर वसले आहे, हेसुद्धा लिहिणारा धर्म माझ्या चोवीस वर्षांची नीट नोंद करील, असे मला वाटले. आमच्या जमातीत परंपरेने रब्बी नव्हते. तेव्हा मी दुसऱ्या गावच्या एका वृद्ध, जाणत्या गृहस्थांना विचारायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. चहा मागवला. आणि अगदी मायेने म्हणाले, "बाई, तू उगीच काळजी करतेस. तुला गेट लागतच नाही. ज्याच्याशी तुझं लग्न झालं तो आपल्या धर्मातला नव्हता. धर्माच्या दृष्टीनं ते लग्न लागलंच नाही. जे बांधलंच नाही ते सोडायचं कसं?"

मी उठत होते, तेव्हा त्यांनी पुस्ती जोडली, "मुलगी मात्र आपली हं. आई आपली, म्हणजे मूल आपलं."

ते सांगत होते तो कायदा बरोबर होता. मी नंतर तपासून पाहिला. त्यांनी तो मला दिलासा म्हणूनच सांगितला. पण परतीच्या गाडीत मला उभे राहवेना. चोवीस वर्षे नव्हती. सांदणांचा डबा नव्हता. आईंनी ओढून घेतलेले दार नव्हते. मुलगी तेवढी आहे, पण ती जिथून आली ते घर नव्हते! धर्माने माझ्यासाठी एक सोपी वाट उघडून ठेवली होती. नुसते 'हो' म्हणायचे की ते काही लग्न नव्हते, आणि कुणी काही विचारले की खांदे उडवायचे. लोकांच्या त्या 'परत' या शब्दाशीही ते छान जुळले असते.

दोन शुक्रवार मी दिवा लावला नाही.

मग मला थोरल्या काकांची आठवण झाली. काका इस्राएलला गेले तेव्हा त्यांना वाटले होते की आपण आपल्या घरी आलो. पण १९६० च्या सुमारास तिथल्या काही रब्बींनी बेने इस्राएलांची लग्ने लावायला नकार दिला. शंका काय, तर या लोकांच्या पूर्वजांनी कोकणात घटस्फोट देताना नियमाप्रमाणे गेट दिले होते काय? बाहेरच्यांशी लग्ने केली नव्हती कशावरून? १९६२ साली रब्बींच्या मुख्य मंडळाने फर्मान काढले की, यांच्यापैकी कुणाचे लग्न इतरांशी लावायचे असेल तर आई, आजी, पणजी अशी मागे मागे चौकशी करावी. ज्यांनी पोथीवाचून शनिवार सांभाळला त्या माझ्या पणज्यांच्या लग्नाचा दाखला मागितला गेला!

आमची माणसे चिडली, पण धर्म सोडून गेली नाहीत. "आमच्या आज्या नसतील यहुदी, आम्ही आता शुद्ध होऊन घेतो" असेही म्हणाली नाहीत. त्यांनी जेरुसलेमात ठाण मांडले. काका त्यांत होते. १९६४ च्या ऑगस्टमध्ये, लेव्ही एश्कोल पंतप्रधान असताना, तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदी आहेत. आणि त्या फर्मानातून आमच्या जमातीचे नाव काढावे लागले. काकांचे त्या दिवसांबद्दलचे एक बोलणे वडील नेहमी सांगत: "आम्हाला आत यायचं होतं, पण आजीला बाहेर ठेवून नाही."

ते आठवले आणि माझा गुंता सुटला. कायदा बदलावा, अशी माझी मागणी नव्हती. ज्या नियमांनी आमची चिमूटभर जमात दोन हजार वर्षे तगली, त्यांवर माझ्या एकटीच्या दुःखासाठी मी रुसावे असे मला वाटत नाही. गेट लागत नाही तर न लागो. पण लग्न नव्हते असे मी म्हणणार नाही, आणि तसे न म्हणताही दिवा लावता येतो. माझ्या जमातीने तेच तर करून दाखवले होते. धर्मही सोडायचा नाही आणि आपले घरही नाकारायचे नाही. तिसऱ्या शुक्रवारी मी पेल्यात तेल घातले.

२०१८ साली निकाल हाती आला. त्यानंतरच्या एका रविवारी मुलीचे बाबा ठाण्याला आले. डोंबिवलीचे सामान आम्ही आधीच वाटून घेतले होते. देवापाशीच्या समईचे मी नाव काढले नव्हते. तिची जागा त्या घरात, आणि ती लावायला आता ते होते. त्यांच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पितळी लामणदिवा होता. देवघरातला नव्हे, कोकणातल्या जुन्या घराच्या ओटीवरचा. पूर्वी दिवाळीत तो आमच्या गॅलरीत टांगत असू. ते म्हणाले, "आई एकदा म्हणाली होती, हा सुनेला द्यायचा. म्हणाली होती, तुमच्यातही टांगायचाच दिवा असतो ना?" आणि त्यांनी तो माझ्या दोन्ही हातांत ठेवला.

दिवा जड होता. मी तो तसाच धरून आतल्या खोलीत गेले आणि टेबलावर ठेवला. चारच पावले होती. त्यांना गेटची रीत ठाऊक नव्हती, आणि मी ती त्यांना सांगितली नाही.

आता तो दिवा माझ्या खिडकीत टांगलेला असतो. दाराच्या उजव्या चौकटीवर मेझूझा आहे. चामड्याच्या तुकड्यावर हाताने लिहिलेला शेमा एका नळीत घालून यहुदी लोक दाराला लावतात, ती मेझूझा. भाडेकरूलाही तीस दिवसांत ती लावावी लागते, म्हणजे भाड्याच्या दोन खोल्यांनाही आमचा धर्म घर समजतो. पुष्कळ ठिकाणी ती तिरपी दिसते, कारण एका पंडिताचे मत पडले उभी लावा, दुसऱ्याचे पडले आडवी लावा, आणि लोकांनी दोघांचाही मान राखून मधली वाट काढली. मी तिरपीच लावली आहे.

अश्दोदहून आई फोन करते. "एकटी कशाला राहतेस, इकडे ये," म्हणते. मी तिला सांगते, मी एकटी नाही. शुक्रवारी कधी मुलगी येते. ती मनुकांचे सरबत आवडीने पिते आणि शेमा म्हणताना गप्प बसते. एकदा तिने विचारले, "आई, मग मी कोण?" मी म्हटले, "धर्म म्हणतो तू आमची. कायदा म्हणतो तू दोघांची. तू काय म्हणतेस ते सांगायची तुला घाई नाही." तिने दिवेलागणीच्या आधीच पुण्याला फोन लावून आपण पोचल्याचे कळवले. ती शब्बाथ पाळत नाही. पण आईचा दिवा लागल्यावर फोन हातात घेत नाही.

धर्माकडे वळलेल्या माणसाला मागचे सगळे खोटे वाटू लागते असे म्हणतात. माझ्या बाबतीत उलट झाले. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून मी डोळ्यांवर हात ठेवते तेव्हा रेवदंड्याची आजी आठवते, आणि तिच्या जोडीला डोंबिवलीच्या आईही आठवतात. माझे लग्न झाले होते. ते संपले. ही दोन वाक्ये मला कोर्टात एकदा सांगावी लागली आणि धर्माने ऐकून घेतली नाहीत. ती मी आता दर आठवड्याला सूर्य बुडायच्या आत मनाशी म्हणते, आणि मग शेमा म्हणते. त्यानंतर शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काडी ओढायची नसते आणि कुणाला काही सिद्ध करून दाखवायचे नसते.